पावसाने दिलेली रजा

जुलैमधली एखादी सकाळ. रात्रभर कौलांवर धार धरलेली असते. मोबाइल एकदम कर्कश वाजतो, रेड अलर्टचा संदेश झळकतो आणि पाठोपाठ शाळांना सुट्टी दिल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र गावाच्या ग्रुपवर फिरू लागतं. त्या दिवशी माझी ड्यूटी नसेल तर, खरं सांगते, माझ्या मनात आधी काळजी येत नाही. आनंद होतो. पन्नाशी ओलांडलेल्या आणि सरकारी रुग्णालयात जवळपास अर्धं आयुष्य काढलेल्या डॉक्टरने हे कबूल करणं शोभत नाही, पण होतं तसं खरं.

खाडीला उधाण असतं, सखल रस्त्यावर पाणी चढलेलं असतं, एसटी डेपोतून सुटलेली नसते. मांडव्याच्या लाँच तर पावसाळाभर बंदच असतात. वीज पहाटेच गेलेली. कुणी येणार नाही, कुणाकडे जायचं नाही. पडवीत खुर्ची टाकायची, पागोळ्यांकडे बघत बसायचं, दुसऱ्यांदा चहा प्यायचा. दुपारी कडव्या वालांचं बिरडं, गरम भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. बॉस्टनला राहणारी माझी भाची हिवाळ्यात फोटो पाठवते, तेव्हा तिच्या दाराला गुडघ्याएवढा बर्फ टेकलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मावशी, आज कुठेच जाता येत नाही!’ त्या उद्गारचिन्हात तक्रार नसते. तिचा बर्फ आणि आमची झड, दोन्हीकडे मजा एकच.

आपल्याकडे या मजेला आळस म्हणतात. मला ते मान्य नाही. ओपीडीत रोज कुणाच्या ना कुणाच्या केसपेपरवर मी ‘विश्रांती घ्या’ असं लिहिते आणि ते कुणी पाळत नाही, हेही मला ठाऊक असतं. गोळी लिहून देता येते, विश्रांती लिहून देता येत नाही. कारण विश्रांतीला वेळेपेक्षा परवानगी जास्त लागते. रविवारी आडवा झालेला माणूससुद्धा मनात हिशेब करत असतो, की शेजाऱ्याने गवत काढलं, भावाने बँकेचं काम उरकलं आणि मी लोळतोय. झडीच्या दिवशी हा हिशेबच बंद पडतो. सगळेच थांबलेले असतात, त्यामुळे आपण मागे पडत नाही. मन हलकं होतं ते बहुधा त्यामुळे.

शरीराचाही त्यात वाटा आहे. सतत एका लयीत पडणाऱ्या आवाजाची मेंदूला लवकर सवय होते. झोपमोड करतात ते अचानक होणारे आवाज, म्हणजे हॉर्न, भुंकणं, आपटलेलं दार. पावसाचा एकसुरी आवाज त्यांना झाकून टाकतो. प्रकाशाचं गणित निराळं आहे. भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो, दाट ढगांखाली तो काही हजारांवर येतो आणि घराच्या आत शे-दोनशे लक्ससुद्धा मिळत नाहीत. आमच्या जुन्या घरांच्या माजघरांत तर त्याहून कमी. दिवस उजाडल्याची खूण मेंदू डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ओळखतो. तो पुरेसा मिळाला नाही, की दिवसभर पेंग येते आणि रात्री बारालाही झोप लागत नाही. म्हणून झडीच्या दिवशी सकाळचा तासभर आत न बसता पडवीत बसावं. ढगाळ उजेडही त्या कामाला पुरतो. दुपारची डुलकी अर्ध्या-पाऊण तासावर आटोपावी. एवढं सांभाळलं, तर पुढचं लोळणं बिनदिक्कत.

(मातीच्या वासाची आठवण कुणी काढेल म्हणून सांगते. तो पहिल्या सरींचा वास. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं ‘जिओस्मिन’ हे रसायन त्यात असतं आणि आपलं नाक ते अतिशय सूक्ष्म प्रमाणातही टिपतं. जुलैपर्यंत तो वास संपलेला असतो. जुलैत कपाट उघडल्यावर जो येतो, तो बुरशीचा. त्याचं कुणी अत्तर करत नाही.)

आता कुणी म्हणेल, घरात अडकण्यात एवढं सुख असेल, तर २०२० ची टाळेबंदी का सोसवली नाही? प्रश्न योग्य आहे. उत्तर आम्हाला त्याच वर्षी मिळालं, कारण रायगडच्या किनाऱ्यावर तेव्हा दोन्ही एकदम आलं होतं. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमधल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून सुपारी हाती यायला वर्षं जातात. कौलं उडाली, खांब वाकले, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या दिवशीही आम्ही घरात अडकलो होतो, बाहेर पाऊसच होता, पण मजा वगैरे काही नव्हतं. डोक्यावरचं छप्पर टिकेल याची खात्री नसेल, तर त्याच पावसाचा आवाज झोपू देत नाही. आणि टाळेबंदी कधी संपणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अडकण्यातलं सुख दोन गोष्टींवर उभं असतं, घर टिकणार याची खात्री आणि हे दोन-चार दिवसांत उघडणार याचा अंदाज. त्यातली एक जरी काढली, तरी उरतो तो नुसता कोंडवाडा.

ही अक्कल आपल्या पूर्वजांना होती. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी वर्षावास करत. आमच्या राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला, तळा-माणगाव भागातल्या कुडा गावाजवळ डोंगरात लेणी आहेत, त्यांत राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या आहेत. तिथे उभं राहून समोर खाडी पाहिली, की दोन हजार वर्षांपूर्वीही पावसाळ्यात इथे माणसं आपणहून दार लावून बसत होती हे समजतं. त्यांनी त्याला सक्ती मानलं नाही, वर्षाचा एक भागच मानला.

आणि घराघरांतली अक्कल म्हणजे आगोट. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते. मृगाच्या आधी, मे महिन्यात, चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची, ती आगोट. तांदूळ, कडवे वाल, मसाला, आमसुलं, पापड, सुकट, बोंबील, सोडे, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सरपण, गोवऱ्या. कोळीवाड्यात तर तिला पर्याय नव्हता आणि आजही नाही, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. म्हणजे पावसातलं ते सुख मे महिन्याच्या उन्हात घाम गाळून वाळवलेलं असतं. माझी आजी आगोट भरली, की कोठीच्या दाराला हात लावून म्हणायची, ‘आता पडू दे.’ पावसाला असं बजावून सांगण्याची ऐट मला पुढे कुठल्या पदवीने दिली नाही.

इथपर्यंतचं सगळं मी आनंदाने लिहिलं. पुढचं लिहायला जड जातं.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत चार-पाच दिवस सलग झड लागली होती. त्यातले दोन दिवस माझी सुट्टी होती आणि मी वर लिहिलंय तशीच पडवीत बसले होते. कांदाभजी केली होती. पाऊस ओसरल्यावर सकाळी कामावर गेले, तर वॉर्डात खाडीपलीकडच्या गावातला एक साठीचा माणूस आणलेला. पूर्वी बोटीवर तांडेल होता. उजवा हात, उजवा पाय गेलेला, वाचा बंद. झटका येऊन दीड दिवस उलटला होता. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तो प्रश्नच उरला नव्हता. माणूस माझ्या ओळखीचा होता. रक्तदाबासाठी दर पंधरवड्याला माझ्याच ओपीडीत यायचा. त्याच्या बायकोने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. त्याने हयगय केली नाही हे तिला दाखवायचं होतं. ‘येक पन चुकवली नाय, मॅडम,’ ती म्हणाली.

खरंच चुकवली नव्हती. मी १५ दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या, त्याने त्या १५ दिवस घेतल्या. सोळाव्या दिवशी रस्त्यावर पाणी होतं. गोळ्या थांबल्या म्हणूनच झटका आला, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, मीही नाही. पण दोन गोळ्यांपैकी एक अशी होती, की ती अचानक बंद केली तर रक्तदाब उसळी मारतो, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. जुलै लागला आहे हेही मला ठाऊक होतं. घरची आगोट मी मे महिन्यातच भरली होती.

त्याला पुढे थोडं चालता येऊ लागलं. बोलणं आलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. पावसाळ्यात ज्यांचा रस्ता बंद होतो, अशा गावांतल्या जुन्या रुग्णांना मे महिन्याच्या शेवटी किमान दोन महिन्यांची औषधं एकदम मिळाली पाहिजेत. आमच्याकडे खिडकीवर एका वेळी १५ दिवसांच्या, फार तर महिन्याच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. तिच्यामागे कारणं आहेत. साठा मोजका येतो, गोळ्या वाया जाऊ नयेत असं वाटतं, आणि रुग्ण पुन्हा आला म्हणजे त्याची तपासणी होते. ही कारणं फेब्रुवारीत ठीक आहेत. ज्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो, तिथे बारा महिने एकच नियम लावणं मला समजत नाही. गावात आशाताई आहे, आरोग्यसेविका आहे, रक्तदाब ती मोजू शकते. मासेमारी बंदीची तारीख शासन आधीच जाहीर करतं. मग औषधांच्या आगोटीची तारीख का ठरवता येऊ नये?

शासन ठरवील तेव्हा ठरवील. तोवर घरच्यांनी काय बघावं, ते सांगते. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. थायरॉइडच्या गोळीचा परिणाम शरीरात बरेच दिवस टिकतो, ती दोन-तीन दिवस चुकली तरी आकाश कोसळत नाही. काही औषधांचा मात्र एक दिवसही खंड चालत नाही. फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्या, बरेच महिने चालू असलेलं स्टिरॉइड, आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांचं इन्सुलिन. यातलं काही घरात कुणाला चालू असेल, तर मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावं, ‘ही संपली आणि चार दिवस येता आलं नाही, तर काय?’ एवढा प्रश्न विचारला, की आमच्यासारख्यांचंही डोकं ठिकाणावर येतं.

इन्सुलिनवरून आठवलं. वीज गेली की बाटली माठात ठेवायची, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी चांगला आहे. माठ गार होतो तो बाष्पीभवनाने, आणि कोकणातल्या जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली असल्याने बाष्पीभवन फारसं होतच नाही. पण घाबरायचं कारण नाही. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते (नेमकं किती दिवस, ते सोबतच्या कागदावर छापलेलं असतं) आणि झडीच्या दिवसांत आपल्याकडे तापमान बहुतेक वेळा तेवढंच असतं. चुलीपासून लांब, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली म्हणजे झालं.

पावसात अडकलेल्या घरांतून आमच्याकडे आणखी कोण येतं? छपरावरून पडलेले पुरुष येतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोराचा बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले, स्त्रियांमध्ये तसे दिसले नाहीत. फावड्याने बर्फ उपसायला बहुधा पुरुषच जातात, हा त्यावरचा एक अंदाज. आमच्याकडे फावड्याऐवजी ताडपत्री असते. पन्नाशीतला गृहस्थ, वर्षभर खुर्चीत बसलेला, गळती दिसली की लुंगी खोचून शेवाळलेल्या कौलांवर चढतो. खालून चारजण सूचना देत असतात. गळतीखाली पातेलं ठेवा आणि उघडीप होईपर्यंत थांबा, हा माझा वैद्यकीय सल्ला समजावा.

साप हा दुसरा विषय. बिळांत पाणी शिरलं, की तेही आपल्यासारखेच कोरडी जागा शोधतात. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा ते दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपल्यानंतर असं झालं, तर ओव्याची फक्की देत बसू नका, १०८ ला फोन करा. खाटेवर झोपावं, नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. आमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळ्यांनी उपचार करून दाखवले आणि जगाने त्यांची दखल घेतली, त्यामुळे विंचवाची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. सापाच्या बाबतीत मात्र लस टोचण्यावाचून दुसरा उपाय नाही, आणि ती रुग्णालयातच मिळते.

बाकीचं थोडक्यात. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कधीही नको, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भिंतीला ओल असेल तर स्विचबोर्डाला हात लावू नये. विहिरीचं पाणी गढूळ झालं, की उकळूनच प्यावं. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला पुढच्या पंधरा दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोची शंका घेऊन लगेच दाखवावं. दिवस भरत आलेल्या बाईला तारखेच्या आठवडाभर आधीच अलीकडे नातेवाइकांकडे आणून ठेवावं. आणि ओल्या जीन्सने जांघेत गजकर्ण झालं, तर दुकानदाराने दिलेली तीन औषधं मिसळलेली ट्यूब चोळू नये. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण दोन वर्षं राहतं.

एक गोष्ट मात्र बायकांच्या वतीने म्हणायची आहे. घरात अडकलेल्या पाच माणसांना पाच वेळा चहा लागतो, भजी लागतात, कपडे वाळत नाहीत, ते चुलीवर धरून वाळवावे लागतात. दारं लावलेल्या स्वयंपाकघरातला तो धूर जिच्या छातीत जातो, ती दमेकरी बाई तिसऱ्या दिवशी माझ्याकडे वाफ घ्यायला येते. तिला विचारलं, की पावसात मजा आली का, तर ती माझ्याकडे बघत राहते. पावसाने रजा दिली असेल, तर ती घरातल्या सगळ्यांना दिलेली आहे. एक वेळ खिचडी टाकावी, ज्याला चहा हवा त्याने आधण ठेवावं. आमच्या घरी भजी हल्ली यजमान तळतात. मीठ जास्त पडतं, पण मी काही बोलत नाही.

यंदा मे महिन्याच्या शेवटी मी ओपीडीत बसून खाडीपलीकडच्या जुन्या रुग्णांची यादी केली. औषधालयातल्या सहकाऱ्यांशी भांडून, साठ्याचा हिशेब जुळवून, जमेल तेवढ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सगळ्यांना पुरल्या नाहीत. एका म्हाताऱ्या कोळणीच्या पदरात पाकिटांचा ढीग टाकला, तेव्हा ती घाबरली. ‘बाय, यवढा काय झालाय मना?’ तिने विचारलं. काही झालेलं नाही, ही आगोट आहे, असं म्हटल्यावर ती हसली. गोळ्यांना ओल लागली तर त्या बिघडतात, म्हणून मी विचारलं, की ठेवणार कुठे, सोड्यांच्या डब्यात?

‘नाय गो,’ ती म्हणाली. ‘वरच्या फळीवर, तांदलाच्या डब्यान. तिथं पानी कवाच जात नाय.’